दहावे घर

कीर्ती माणसाला हवीशी वाटते, हे कोणी नव्याने सांगावयास नको. लेखकाला आपले पुस्तक घरोघरी असावे असे वाटते, गवयाला आपली तान लोकांच्या ओठी असावी असे वाटते; आणि खेळाडूला तर मैदानातून परतताना टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला नाही, तर शंभर धावाही अळणी लागतात. जगाचा सारा व्यवहारच मुळी या मापाने चालतो. ज्याला अधिक लोक ओळखतात तो मोठा! असे असता एखादा खेळ हे माप उलटे धरतो, आणि ज्याला कमीत कमी लोक ओळखतात त्याचीच किंमत अधिक ठरवतो, असे मी सांगितले, तर वाचकांना ती निव्वळ कोटी वाटेल. परंतु असा खेळ खरोखरच आहे, आणि आमच्या घरी तो रोज सकाळी चहाबरोबर खेळला जातो.

खेळ दिसावयास अगदी साधा आहे. तीन उभ्या आणि तीन आडव्या रांगांची एक चौकट. म्हणजे घरे नऊ. प्रत्येक आडव्या रांगेच्या कडेला एक अट लिहिलेली असते, आणि प्रत्येक उभ्या रांगेच्या डोक्यावर दुसरी. कडेला ‘भारत’ असेल आणि वर ‘यष्टिरक्षक’, तर त्या दोहोंच्या संगमावरील घरात भारताकडून खेळलेल्या कोणा यष्टिरक्षकाचे नाव भरावयाचे. नऊ घरे आणि नऊच संधी. चुकले, की ती संधी गेली. एकदा वापरलेले नाव पुन्हा चालत नाही. इथवर हे शब्दकोड्यासारखेच झाले. खरी गंमत पुढे आहे. त्या दिवशी ते घर भरणाऱ्या लोकांपैकी शेकडा किती जणांनी तुमचेच नाव दिले, तो आकडा त्या घरात उमटतो, आणि अशा नऊ आकड्यांची बेरीज हे तुमचे गुण. रिकामे घर १०० चे. म्हणजे ९०० गुण ही सर्वांत मोठी नामुष्की, आणि शून्याच्या जितके जवळ जावे तितके उत्तम. यष्टिरक्षक म्हणून धोनीचे नाव लिहिणारा मनुष्य चुकत नाही. पण त्याच्यासारखेच हजारो लोक असल्यामुळे त्याच्या पदरी भला मोठा आकडा पडतो.

हा शोध अमेरिकेतला. ब्रायन मिंटर या गृहस्थांनी २०२३ साली बेसबॉलसाठी अशी चौकट तयार केली. त्याच वर्षी खेळांची आकडेवारी जतन करणाऱ्या ‘स्पोर्ट्‌स रेफरन्स’ या संस्थेने ती आपल्याकडे घेतली, आणि पुढे इतर खेळांप्रमाणे क्रिकेटच्याही चौकटी निघाल्या. आमच्या घरी ती आणली माझ्या पुतणीने. ती न्यू जर्सीला असते. आमची सकाळ म्हणजे तिची रात्र. ती जेवणखाण आटोपून फोन करते, तेव्हा पालेगावात दूधवाल्याच्या किटल्या वाजत असतात, आणि माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादाच म्हणतो, गॅलरीत खुर्ची टाकून तिचीच वाट पाहत बसलेले असतात.

पालेगाव म्हणजे अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षाने यावयाचे गाव. आता त्याला गाव म्हणावे की नाही, हा प्रश्न आहे. जुन्या कौलारू घरांच्या मागे पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि मलंगगडाची रांग पाहावयाची तर दोन इमारतींच्या फटीतून मान वाकडी करून पाहावी लागते. लालबागची चाळ सोडून आम्ही इकडे आलो, तेव्हा आमच्या गॅलरीसमोर एक बरेच मोठे मोकळे मैदान होते आणि त्यावर एका वेळी चार-पाच डाव चालत. आज तिथे एका डावापुरती जागा उरली आहे. दादांची खुर्ची मात्र अजून त्याच बाजूला तोंड करून असते.

तर आम्ही तिघे मिळून ती नऊ घरे भरतो. आयपीएलची घरे पुतणीची, कसोटीची दादांची, आणि दोघांमध्ये वाद पडला म्हणजे न्यायनिवाडा माझ्याकडे. हे सुरळीत चालले होते. एके दिवशी पुतणीने असे एक नाव भरले, की घरात शेकडा एकाच्याही खालचा आकडा उमटला. ती हर्षाने ओरडलीच. दादांनी विचारले, “हा कोण गं?”

“ठाऊक नाही, बाबा. नावांच्या यादीत दिसला.”

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तू त्याला ओळखत नाहीस. तू त्याचे फक्त नाव खर्च केलेस.”

त्या दिवसापासून आमच्या घरापुरता एक नियम झाला. ज्याचे नाव घ्यावयाचे, त्याच्याविषयी निदान एक वाक्य सांगता आले पाहिजे. न आल्यास ते घर रिकामे ठेवावयाचे आणि १०० गुणांचा दंड सोसावयाचा. या नियमाने आमचे गुण पार बिघडले. खेळ मात्र सुधारला. कारण एक वाक्य सांगावयाचे म्हटले, की ते एकावर थांबत नाही.

यष्टिरक्षकाच्या घरात दादा चंद्रकांत पाटणकरांचे नाव देतात. हे मूळचे पेणचे. १९५५-५६ च्या हंगामात न्यूझीलंडविरुद्ध कलकत्त्याला ते एक कसोटी खेळले, आणि पुन्हा त्यांना बोलावणे आले नाही. ते नाव एकदा वापरून झाले, की जनार्दन नवले. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा यष्टींमागे नवले होते, आणि भारतीय फलंदाजाने कसोटीत खेळलेला पहिला चेंडूही त्यांच्याच वाट्याला आला. पुढे किती लक्ष चेंडू खेळले गेले असतील! परंतु त्या सर्वांच्या अगोदरचा तो एक चेंडू ज्याने खेळला, त्याचे नाव आज किती जणांना सांगता येईल? एकच कसोटी खेळलेल्यांचे घर निघाले, तर दादांच्या मुखाला जणू पाझर फुटतो. पनवेलचे मधुसूदन रेगे, १९४८-४९ च्या हंगामात मद्रासला. अरविंद आपटे, १९५९ साली लीड्‌सला. आणि मग ओघानेच त्यांचे बंधू माधव आपटे, जे सात कसोटी खेळले, ४९ च्या वर सरासरी राखून राहिले, आणि तरीही १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ज्यांची कोणी आठवण ठेवली नाही. सलिल अंकोला १९८९ च्या नोव्हेंबरात कराचीला ज्या सामन्यात प्रथम उतरला, त्याच सामन्यात सचिन तेंडुलकरही प्रथम उतरला. एकाची ती पहिली कसोटी २०० पैकी पहिली ठरली. दुसऱ्याची पहिली तीच शेवटची.

पुतणीही काही कमी नाही. गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर हे तिचे ठेवणीतले अस्त्र. २००८ साली आयपीएलचा पहिलाच हंगाम राजस्थानने जिंकला, त्यात या लहानखुऱ्या फलंदाजाने नऊ सामन्यांत ३११ धावा काढल्या; पुढे ते तेज त्या स्पर्धेत पुन्हा दिसले नाही. कोची आणि बंगळूर या दोन्ही संघांचे घर आले, की ती प्रशांत परमेश्वरनचे नाव देते. कोचीचा संघ २०११ च्या एकाच हंगामात जन्मला आणि नाहीसा झाला. त्या हंगामात ख्रिस गेलने परमेश्वरनच्या एका षटकात ३७ धावा वसूल केल्या होत्या, आणि पुढल्याच वर्षी हाच परमेश्वरन गेलच्याच संघात होता. “काका, पहिल्या दिवशी दोघे एकमेकांशी काय बोलले असतील?” असे तिने मला विचारले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आकडेवारीत मिळत नाही. म्हणूनच तो मला त्या घरातल्या आकड्याहून मोलाचा वाटला.

अमेरिकेत राहिल्यामुळे तिला बेसबॉलचीही गोडी लागली आहे. तिकडच्या चौकटीत एकच सामना खेळलेल्या माणसांना काय मान आहे, हे सांगताना तिने आर्चिबाल्ड ग्रॅहमची हकीकत ऐकवली. १९०५ साली हा न्यूयॉर्क जायंट्सकडून एका सामन्यात शेवटी शेवटी क्षेत्ररक्षणास उतरला. फलंदाजीची पाळी त्याच्यापर्यंत आलीच नाही, आणि वरच्या दर्जाच्या सामन्यात तो पुन्हा कधी दिसला नाही. पुढे मिनेसोटातल्या चिझम नावाच्या खाणींच्या गावी त्याने आयुष्यभर डॉक्टरकी केली. हे ऐकताच दादा म्हणाले, “म्हणजे तो तिकडला बाळ दाणी म्हणावयाचा!” १९५२ साली मुंबईला पाकिस्तानविरुद्ध दाणी एकुलती एक कसोटी खेळले. विजय हजारे आणि पॉली उम्रीगर यांनी शतके ठोकली, भारताने चार बाद ३८७ वर डाव सोडला आणि सामना दहा गडी राखून जिंकला. साहजिकच दाणींना फलंदाजीची पाळी आली नाही. गोलंदाजीत मिळाला तो एक बळी. सातासमुद्रांपलीकडचा तो डॉक्टर आणि आमचे दाणी यांची भेट अशी एका सकाळी पालेगावच्या गॅलरीत झाली.

तथापि या खेळात मनाला खुपणारी एक गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या विस्मृतीवर आपण आपले गुण मिळवतो. एखाद्याने उभे तारुण्य वेचून एक सामना मिळवावा, जगाने त्याला विसरून जावे, आणि जगाच्या त्या विसरण्याचा आपण नफा काढावा, हे काही फारसे सात्त्विक वाटत नाही. उलट असेही म्हणता येईल, की हा खेळ नसता, तर ते नाव त्या सकाळी उच्चारलेच गेले नसते. पुण्यतिथीला का होईना, माणसाचे नाव निघावे अशी आपल्याकडची समजूत आहे. या चौकटीमुळे ते तिथीवाचूनही निघते. आणखी एक चमत्कार असा, की नाव फार लोकांनी शोधून काढले म्हणजे त्याची किंमत उतरते. डोंबिवलीचा नीलेश कुलकर्णी घ्या. १९९७ च्या ऑगस्टमध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने मार्वन अटापट्टूला बाद केले. असे करणारा तो पहिला भारतीय. आणि नंतर? नंतर श्रीलंकेने सहा बाद ९५२ धावा केल्या. जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागी रचली, आणि कुलकर्णीने ७० षटके टाकून त्या पहिल्या चेंडूनंतर एकही बळी मिळवला नाही. तीन कसोटींत त्याचे बळी झाले दोन. हे नाव घालण्यास दादांची सक्त मनाई आहे. “उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली, की डोंबिवली! या लाइनीवरचा प्रत्येक माणूस तेच लिहिणार,” असे त्यांचे म्हणणे. विसरला गेलेला म्हणून तो सर्वांनाच आठवतो, ही त्याची अडचण.

डावखुऱ्या फिरकीचा विषय निघाला, की दादांचा आवाज किंचित बदलतो. याचे कारण मला ठाऊक आहे. दादा स्वतः डावखुरे फिरकी गोलंदाज. कचेरीच्या संघातून आणि कांगा लीगमध्ये ते वीस वर्षे खेळले. डॉ. कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. गुडघाभर गवत, चिखल आणि मऊ खेळपट्टी. फिरकी गोलंदाजाला याहून मोठे सुख नाही. परंतु दादांची उमेद होती त्या काळात मुंबईच्या संघात डावखुऱ्या फिरकीची जागा पद्माकर शिवलकरांची होती, आणि त्या जागेकडे डोळा लावून बसणे म्हणजे समुद्र आटण्याची वाट पाहणे होते. गंमत अशी, की खुद्द शिवलकरही कोणाच्या तरी सावलीतच उभे होते. भारताच्या संघात तीच जागा बिशनसिंग बेदींची होती, आणि बेदी ६७ कसोटींत २६६ बळी घेऊन बसले होते. हरियाणाच्या राजिंदर गोएल यांचीही तीच गत. रणजी सामन्यांत ६३७ बळी, आणि कसोटी एकही नाही. थोर वृक्षाखाली दुसरा वृक्ष वाढत नाही म्हणतात; इथे दुसराही वाढला, पुरता वाढला, फक्त त्याला ऊन मिळाले नाही. त्या दुसऱ्याच्या सावलीत माझ्या बंधूंसारखी किती रोपे होती, याची गणती कोण करणार?

शिवलकरांचा हेवा दादांनी कधी केला नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला शिवलकरांनी तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच बळी घेतले, आणि मुंबईने ओळीने पंधराव्यांदा रणजी करंडक जिंकला. हे आकडे दादा अथर्वशीर्षासारखे म्हणतात. प्रथम दर्जाच्या सामन्यांत शिवलकरांचे एकूण बळी ५८९.

२०२५ च्या मार्च महिन्याच्या ३ तारखेला शिवलकर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फोन आला. योगायोग असा, की त्या दिवशीच्या चौकटीत एक घर होते ‘भारत’ आणि ‘डावखुरा फिरकी गोलंदाज’ यांच्या संगमावरचे. आठ घरे भरून झाली. दादा म्हणाले, “लिही, शिवलकर.”

पुतणीने नाव टाइप केले. यादीत ते उमटेना. “बाबा, ते कसोटी खेळले नाहीत ना? नाव येतच नाही.”

दादांना हे का ठाऊक नव्हते? त्यांच्याइतके पक्के ते कोणालाच ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “मग राहू दे रिकामे.”

“पण १०० गुण पडतील. बापू नाडकर्णी घालू? दिलीप दोशी?”

“राहू दे म्हटले ना, पोरी.”

ते घर रिकामे राहिले. त्या दिवशी आमचे गुण फार वाईट झाले, आणि त्याविषयी कोणी एक अक्षर बोलले नाही. समोरच्या मैदानात पोरे टेनिसच्या चेंडूने खेळत होती. दादा बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

त्या रिकाम्या घराने मला एक गोष्ट स्पष्ट दाखविली. ही चौकट जगाहून उदार आहे खरी. जग पहिल्या दहांची नावे ठेवते. चौकट एक सामना खेळलेल्यालाही घर देते, आणि वर त्याची किंमत अधिक लावते. परंतु तिच्या औदार्यालाही उंबरठा आहे. त्या उंबरठ्याच्या आत एक पाऊल पडले, की दाणी अमर. आणि ज्याचे पाऊल उंबरठ्याला लागून बाहेर राहिले, त्याच्या ५८९ बळींनाही तिथे जागा नाही. नियमाशिवाय खेळ होत नाही, म्हणून मी चौकटीला दोष देत नाही. पण उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांची आठवण ठेवणे हे कोणत्याही यंत्राचे काम नाही. ते ज्यांनी पाहिले, त्यांनीच करावयाचे काम आहे. आणि पाहणारेही काही कायमचे नसतात.

या विचाराने आमच्या घरी आणखी एक रिवाज पडला. नऊ घरे भरून झाली, की आम्ही दहावे घर भरतो. ते कागदावर नाही, पडद्यावर नाही. ज्याला कुठेही घर मिळत नाही अशा एकाचे नाव रोज एकाने घ्यावयाचे आणि त्याच्याविषयी सांगावयाचे, गुण नाहीत. अर्थात पहिला मान शिवलकरांचा झाला. मग भाऊसाहेब निंबाळकर आले. १९४८ साली पुण्याला महाराष्ट्राकडून ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम मोडावयास दहाच धावा हव्या होत्या, तेवढ्यात काठियावाडच्या संघाने पुढे खेळण्याचेच नाकारले. निंबाळकर कसोटी एकही खेळले नाहीत. पुतणीने अमोल मुजुमदार आणला. १९८८ साली शाळकरी तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून तो बाहेर बसून राहिला होता. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या ११ हजारांवर धावा केल्या, आणि भारताची टोपी त्याला मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. त्या रात्री सामना संपल्यावर दादा चक्क उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

मध्यंतरी एकदा दहाव्या घराची पाळी माझी होती. मी दादांचे नाव घेतले.

दादा एकदम माझ्याकडे वळले; पण नियम त्यांनीच घालून दिलेला असल्यामुळे मला अडविता येईना. मी सांगितले, की १९७१ च्या पावसाळ्यात क्रॉस मैदानावर कांगा लीगच्या एका सामन्यात दादांनी सात बळी घेतले. मी तेव्हा शाळेत होतो, आणि तंबूत बसून धावा लिहिण्याचे काम माझ्याकडे दिलेले होते. पावसाच्या सरीने वहीचे पान भिजू नये म्हणून मी ते सदऱ्याखाली धरले होते. सामना संपल्यावर दादा बूट हातात घेऊन स्टेशनपर्यंत अनवाणी आले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने कचेरीत गेले.

तिकडे न्यू जर्सीत थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग पुतणी म्हणाली, “बाबा, तुम्ही हे कधीच सांगितले नाहीत.”

“सांगण्यासारखे त्यात काय आहे?” दादा म्हणाले. “सातांतले तीन तर खेळपट्टीनेच घेतले.” एवढे बोलून ते थांबले. वाटले, आता फोन ठेवणार. पण ते पुन्हा बोलू लागले, आणि या वेळी आवाज अगदी हळू होता. “आठवा सुटला. स्लिपमध्ये झेल गेला होता. तो चेंडू मात्र खरा पडला होता. हवेत आत आला, आणि टप्पा पडून बाहेर गेला.”

“फलंदाज कोण होता, बाबा?”

दादांनी नाव सांगितले. कोणत्या कचेरीत होता, कट किती सुरेख मारीत असे, आणि गुडघा दुखावल्याने त्याचा खेळ किती लवकर सुटला, तेही सांगितले. हे नाव मीदेखील कधी ऐकले नव्हते. ते कोणत्याच चौकटीत बसणार नाही. पण कालपर्यंत ते एकट्या दादांना ठाऊक होते. आता आम्हा तिघांना ठाऊक आहे.